पनवेलमध्ये १८४९ पासून सिनेगॉग आहे, मग रायगडचे ज्यू गेले कुठे?

आपटेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर, नवगावकर, झिराडकर, दिवेकर.

ही आडनावं वाचून काय डोक्यात येतं? कोकणातली माणसं. आपटा, पेण, रोहा, किहीम, नवगाव, झिराड, दिवे. सगळी गावं रायगडातली, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यातली. पण ही आडनावं लावणारी बरीच कुटुंबं ज्यू आहेत. त्यांच्या घरात मराठी बोलली जायची, बायका नऊवारी नेसायच्या आणि शनिवारी घरात चूल पेटायची नाही.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर मराठी सोशल मीडियावर इस्रायलचे व्हिडिओ रोज फिरतायत. खाली कमेंटमध्ये दोन गट पडतात आणि जोरात भांडतात. पण तळोजा फेज २ मधल्या एखाद्या टॉवरमध्ये बसून असा व्हिडिओ बघणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही, की तळोजे पाचनंद स्टेशनवरून दिवा-पनवेल गाडी पकडली तर तिसऱ्या स्टेशनाच्या गावात, म्हणजे पनवेलमध्ये, १८४९ सालचं सिनेगॉग उभं आहे. बेथ एल त्याचं नाव. हिब्रूत त्याचा अर्थ देवाचं घर.

तेव्हा नवी मुंबई नव्हती, तळोजा एमआयडीसी नव्हती. मुंबई-ठाणे रेल्वेसुद्धा त्यानंतर चार वर्षांनी सुरू झाली.

मग हे ज्यू इथे आले कधी? राहिले कसे? आणि कुणी हाकललं नाही, मारलं नाही, तरी गावंच्या गावं रिकामी कशी झाली?

नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज

या समाजाचं नाव बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांची परंपरा अशी सांगते की खूप पूर्वी एक जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती वाचलेल्यांनी तिथेच पुरली. नवगावची ती दफनभूमी आजही समाजाचं आदिस्थान मानली जाते आणि तिथे स्मारक आहे.

हे घडलं कधी, यावर एकमत नाही. समाजाचे पहिले इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला काळ धरला होता. इतर अभ्यासक तो काही शतकं पुढे आणतात. बाराव्या शतकाच्या शेवटी मैमोनिदिस या मोठ्या ज्यू विद्वानाने एका पत्रात लिहिलं होतं, की हिंदुस्थानातल्या ज्यूंना शब्बाथ आणि सुंता सोडून धर्माचं फार काही ठाऊक नाही. ते वर्णन याच लोकांचं आहे का, यावरही वाद आहे. स्पष्ट लेखी उल्लेख मिळतो तो १७३८ सालचा, सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रात.

२०१६ मध्ये या समाजाच्या जनुकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की बेने इस्रायलींच्या वंशात मध्यपूर्वेतले ज्यू आणि इथले स्थानिक, असे दोन्ही धागे आहेत आणि हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालं. म्हणजे जहाजाची गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, बाहेरून कुणीतरी आलं आणि इथल्या मातीत मिसळलं, एवढं नक्की.

शनिवार तेली

कोकणात आलेल्या या लोकांनी तेलाचा घाणा धरला. गावोगाव ते तेल गाळायचे. फक्त शनिवारी घाणा बंद. शेजाऱ्यांना त्यांचा धर्म कुठला याच्याशी फार देणंघेणं नव्हतं. एक तेली सोमवारी घाणा बंद ठेवतो, दुसरा शनिवारी. म्हणून ज्यूंना नाव पडलं शनिवार तेली.

हे नाव बारकाईने बघण्यासारखं आहे. युरोपात ज्यूंना पिढ्यान् पिढ्या परकं मानलं गेलं. कुठे वेगळी वस्ती, कुठे कपड्यांवर खूण, कुठे जमीन घ्यायला बंदी. कोकणात त्यांना थेट जातिव्यवस्थेतच एक खण मिळाला. तो काही वरचा नव्हता, पण आपला होता. आंग्र्यांच्या आरमारात बेने इस्रायली नाईक असल्याचे उल्लेखही सापडतात.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जातीच्या चौकटीत राहताना जातीचे नियमही आत शिरले. समाजात गोरे इस्रायली आणि काळे इस्रायली असे दोन गट पडले. मिश्र विवाहातून झालेल्यांना काळे म्हणायचं आणि त्यांच्याशी सोयरीक करायची नाही. पुढे मुंबईत बगदादी ज्यू आले, तेव्हा तीच वागणूक त्यांनी बेने इस्रायलींना दिली. एकाच दफनभूमीत आपली थडगी वेगळी राहावीत, मधे भिंत असावी, अशी मागणीही झाली.

सणांची नावं, तीही कोकणी

हिब्रू विसरली, पवित्र ग्रंथ हातात नव्हते, धर्मगुरू नव्हते. उरलं होतं ते शनिवारचं पाळणं, आठव्या दिवशीची सुंता, खाण्याचे नियम आणि शेमा ही एक प्रार्थना. लग्न असो वा मयत, तीच म्हणायची.

सण मात्र पाळले जात होते आणि त्यांची नावं पूर्ण इथली होती. ज्यू नववर्ष म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. योम किप्पूर या उपवासाच्या दिवशी लोक दारं लावून घरात बसायचे, म्हणून तो दारफाळणीचा सण. पुरीम साधारण होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो होळीचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवशी उपास सोडताना वालाचं बिरडं करायचे, म्हणून तो बिरड्याचा सण. दोन हजार वर्षांपूर्वीचं जेरुसलेमचं दुःख रायगडात वालाच्या बिरड्यातून लक्षात ठेवलं गेलं.

मटणासोबत दूध चालत नाही, म्हणून रश्शात आणि गोडात नारळाचं दूध. कोकणात त्याची कमी नव्हतीच. नवस फेडताना एलियाहू हनबी, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, खोबरं, गोड आणि फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे.

हे लोक ज्यू आहेत हे बाहेरच्या ज्यूंना कळलं कसं, याचीही एक गोष्ट आहे. दाविद राहाबी नावाचा एक ज्यू इथे आला. त्याने बायकांना वेगवेगळे मासे शिजवायला दिले. बायकांनी पंख आणि खवले असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला काढले. ज्यू धर्मात नेमके तेवढेच मासे चालतात. राहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्मविधी शिकवले आणि ते समाजाचे काजी झाले. राहाबी नेमका कोणत्या शतकातला, हा वाद अजून चालू आहे.

पनवेलमध्ये सिनेगॉग कसं आलं?

अठराव्या शतकात मुंबई वाढू लागली आणि कोकणातली माणसं तिकडे सरकू लागली. बेने इस्रायलीही त्यात होते. घाणा सोडून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत नोकरी धरली.

त्यातलेच एक सॅम्युअल इझिकेल दिवेकर, मराठी नाव सामाजी हसाजी. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. ते ज्यू आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने त्यांचा जीव वाचवला, असं समाजात सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी मुंबईत मांडवी भागात १७९६ साली सिनेगॉग बांधलं. हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. लोक त्याला मशीदच म्हणायचे. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगितलं जातं. तिथला सॅम्युअल स्ट्रीट याच दिवेकरांच्या नावाचा.

मुंबईत नोकरी, तरी गावाकडे घर आणि नाती तशीच. पैसा आला तशी गावाकडेही सिनेगॉग उभी राहिली. रेवदंड्यात १८४२, अलिबागला १८४८, पनवेलला १८४९, पेणला १८६३, पुढे ठाण्यात १८७९. अलिबागच्या ज्यू वस्तीला इस्रायल आळी हे नाव पडलं आणि ते आजही चालतं.

पनवेलचं या यादीत असणं साहजिक होतं. खाडीतून गलबतं येत, घाटावरून बैलगाड्या उतरत. मुंबई आणि बोरघाट यांच्या मधली ही बाजारपेठ. आसपासच्या गावांतल्या ज्यूंना एकत्र जमायला हे सोयीचं ठिकाण होतं.

मराठीतून ज्यू झालेले लोक

एकोणिसाव्या शतकात आणखी एक गोष्ट घडली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. हेतू धर्मप्रसाराचा होता. झालं उलटंच. बेने इस्रायली हिब्रू शिकले आणि ख्रिस्ती होण्याऐवजी जास्त पक्के ज्यू झाले.

१८७४ मध्ये पुण्यात हागादा छापली गेली. पेसाह या सणाच्या रात्री वाचायची ही पोथी, हिब्रू आणि मराठीत. तिच्यातल्या चित्रात नऊवारी नेसलेल्या बायका सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं होऊ लागली. १८७५ मध्ये केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत समाजाची शाळा काढली. तीच पुढे एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली.

या लोकांनी मुंबईला काय दिलं? ई. मोझेस रोडवरून रोज हजारो लोक जातात. ते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर. कामा हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. 'बूट पॉलिश' सिनेमातले जॉन चाचा, म्हणजे अभिनेते डेव्हिड. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, मूळ गाव चौल. कवी निस्सिम इझिकेल याच समाजाचे.

मग गेले का?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रायगडची गावं इस्रायलने रिकामी केली, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. गावं रिकामी व्हायला सुरुवात झाली ती मुंबईमुळे. पलटण, गोदी, रेल्वे, कारकुनी, शिक्षकी, नर्सिंग. जशी बाकीची कोकणी कुटुंबं चाकरमानी झाली तशीच ही झाली. गावात राहिले म्हातारे आणि घाणा.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी त्याला मान्यता दिली. त्या काळात भारतात बेने इस्रायलींची संख्या वीस हजारांच्या घरात होती आणि १९५१ च्या जनगणनेत देशातले एकूण ज्यू २६ हजारांहून जास्त होते. पुढच्या तीन दशकांत त्यातले बहुतेक निघून गेले.

कारण एकच नव्हतं. धर्माची ओढ होती, जेरुसलेमचं नाव प्रार्थनेत रोज यायचं. त्यात इंग्रज गेल्यावर रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांचं पुढे काय, ही धास्ती होती. आणि एकदा भाऊ गेला, मावशी गेली, की मागे राहिलेल्यांना मुलांची लग्नं जमवणंही अवघड व्हायला लागलं. छोट्या समाजात निम्मे लोक गेले की उरलेल्यांनाही थांबणं जमत नाही.

आज भारतातले ज्यू साधारण चार ते पाच हजारांच्या घरात आहेत. इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू सुमारे ८५ हजार मानले जातात आणि त्यांच्यात सर्वात मोठा गट बेने इस्रायलींचा आहे.

तिकडे गेल्यावर प्रश्न: तुम्ही खरे ज्यू आहात का?

कोकणात ज्यांना कधी कुणी तुम्ही इथले का असं विचारलं नव्हतं, त्यांना हा प्रश्न इस्रायलमध्ये विचारला गेला.

सुरुवातीला गेलेल्यांना वाळवंटातल्या नव्या गावांत पाठवलं. कामात आणि राहण्यात भेदभाव होतो, रंगावरून हिणवलं जातं, अशा तक्रारी झाल्या. १९५१-५२ मध्ये काहींनी धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले आणि एक गट खरोखर परत आला.

मोठा वाद झाला तो १९६० च्या दशकात. तिथल्या प्रमुख धर्मपीठाने निर्देश काढला, की बेने इस्रायली व्यक्तीचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावण्याआधी तिच्या घराण्याची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करा. शतकानुशतकं धर्मगुरूंशिवाय राहिलेल्या समाजाकडे कसली कागदपत्रं असणार?

समाज रस्त्यावर उतरला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन झालं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांना मधे पडावं लागलं. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायली सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. त्यानंतर धर्मपीठाने निर्देशातलं बेने इस्रायलींचं नाव वगळलं.

आज दिमोना, बीरशेबा, अशदोद, लोद, रामला या शहरांत ही कुटुंबं आहेत. तिथे क्रिकेट खेळलं जातं, मलिदा होतो आणि 'मायबोली' नावाचं मराठी मासिकही तिथून निघालं.

जर्मनीतलं एक गाव आणि पनवेल

आता थोडं लांब जाऊ. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी वर्म्स नावाचं शहर आहे. तिथलं पहिलं सिनेगॉग १०३४ सालचं. तिथल्या ज्यू दफनभूमीत अकराव्या शतकातली थडगी आहेत. नवगावसारखंच तेही समाजाचं जुनं ठिकाण. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी जर्मनीभर सिनेगॉग पेटवली, त्यात वर्म्सचंही जळालं. जे ज्यू वेळेत बाहेर पडू शकले नाहीत त्यांना पुढे छळछावण्यांकडे नेलं. नऊशे वर्षांचा समाज काही वर्षांत संपला.

युद्धानंतर तिथे ज्यू उरले नव्हते, तरी सिनेगॉग पुन्हा बांधलं गेलं आणि १९६१ मध्ये उघडलं. २०२१ मध्ये वर्म्स आणि शेजारच्या दोन शहरांतल्या ज्यू खुणांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. जर्मनीतल्या गावागावांत फुटपाथवर छोट्या पितळी पाट्या दिसतात. या घरात अमुक माणूस राहत होता, अमुक साली त्याला नेलं, असं त्यावर कोरलेलं असतं. गुंटर डेमनिग या कलाकाराने सुरू केलेल्या या कामात २०२३ पर्यंत युरोपभर एक लाख पाट्या बसल्या.

तुलना इथे जपून करायला हवी. पनवेलमध्ये तसं काही घडलं नाही, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. कोकणात ज्यूंवर शेजाऱ्यांनी हल्ले केले नाहीत. २६/११ ला मुंबईत नरिमन हाऊसवर जो हल्ला झाला, तो बाहेरून आलेल्या दहशतवाद्यांनी केला.

पण यातूनच एक विचित्र गोष्ट झाली. जर्मनीत गुन्हा घडला, म्हणून आठवण ठेवणं ही तिथल्या गावांची जबाबदारी झाली. शाळेत धडे आले, नगरपालिकांनी पैसे दिले, जुनी रजिस्टरं शोधली गेली. आपल्याकडे गुन्हा घडला नाही, म्हणून आठवण ठेवायची कुणाला गरजच वाटली नाही. आम्ही त्यांना त्रास दिला नाही, हे वाक्य भाषणात येतं आणि विषय तिथेच संपतो. ते कोण होते, कोणत्या आळीत राहायचे, घाणा कुठे होता, हे पुढचं कुणी विचारत नाही.

दहा माणसांचा प्रश्न

ज्यू धर्मात सामूहिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. याला मिन्यान म्हणतात. दहा जमले नाहीत तर काही महत्त्वाच्या प्रार्थना म्हणता येत नाहीत आणि ठरलेल्या विधीने तोराचं वाचनही होत नाही.

इमारत दुरुस्त करता येते. रंग देता येतो. दहा माणसं आणायची कुठून? कोकणातल्या सिनेगॉगसमोर आज हा प्रश्न आहे. गावात मूठभर कुटुंबं, काही ठिकाणी तीही नाहीत. सणाला मुंबई-ठाण्याहून लोक आले तर जागा भरते, नाहीतर शांतता.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना राज्यात अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याने समाजाला सरकारदरबारी ओळख मिळाली. पण दर्जा माणसांना मिळतो, ओस पडलेल्या दफनभूमीला नाही.

आणि वेळ कमी आहे, याचं कारण पनवेलच्या आसपासच दिसतं. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि तळोजा तिच्या टोकाला आलं. सिडकोच्या हजारो घरांच्या इमारती उभ्या राहिल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरपासून विमानं उडू लागली. त्या विमानतळासाठी दहा गावं उठवून दुसरीकडे वसवावी लागली. या पट्ट्यात जमिनीचा भाव आता कुणाला सांगायला नको. अशा ठिकाणी ज्या जागेला विचारणारं कुणी नाही, ती जागा फार काळ टिकत नाही. हे ज्यू दफनभूमीलाच नाही, गावदेवीच्या देवराईला, जुन्या तळ्याला आणि गावठाणालाही लागू आहे.

तळोज्याचंच बघा. सातबाऱ्यावर तळोजे मजकूर आणि तळोजे पाचनंद अशी दोन वेगळी गावं आहेत. तिथे नव्याने राहायला आलेल्या माणसाला पत्ता विचारला तर तो फेज आणि सेक्टर सांगतो. यात त्याचा दोष नाही, त्याला घर मिळालं ते सेक्टरमध्येच. पण गावाचं नाव वापरातून जातं ते असं, कुणी न पुसता.

उलट बेने इस्रायलींनी गाव सोडलं पण नाव सोडलं नाही. रायगडातल्या शंभराहून जास्त गावांची नावं त्यांनी आडनावात धरून ठेवली. दिमोनात जन्मलेला, मराठी न येणारा एखादा तरुण आजही आपट्याचं, रोह्याचं किंवा किहीमचं नाव लावतो.

करता येण्यासारखं काय आहे?

यासाठी मोठ्या स्मारकाची किंवा पुतळ्याची गरज नाही. पहिलं काम नोंदीचं. बेने इस्रायलींच्या थडग्यांवर हिब्रूसोबत मराठीतही मजकूर कोरलेला असतो. म्हणजे तो वाचायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही, पनवेल-पेणच्या शाळेतली मुलंही वाचू शकतात. नाव, साल, गाव. एका सुट्टीत एका दफनभूमीची यादी होऊ शकते. मात्र आधी समाजाच्या विश्वस्तांची परवानगी हवी, कारण ती पर्यटनाची जागा नाही, कुणाच्या तरी आजी-आजोबांची आहे.

दुसरं, जागेची हद्द. दफनभूमी आणि सिनेगॉगच्या जागा महसुली नकाशावर आणि शहराच्या विकास आराखड्यात नीट दाखवलेल्या असल्या, की पुढचे निम्मे वाद टळतात. ते काम पालिका आणि तहसील कचेरीचं.

तिसरं, आठवणी. शनिवारी घाणा बंद असायचा हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फार उरलेली नाहीत. त्यात ज्यू आहेत, तसे त्यांचे हिंदू-मुस्लिम शेजारीही आहेत. एका मोबाइलवर एक तासाचं बोलणं रेकॉर्ड करायला खर्च काही येत नाही.

इस्रायल आणि गाझाच्या युद्धावर कुणाचं मत काहीही असू शकतं, ते असायलाही हवं. पण जगातल्या एका देशाच्या सरकारने काय केलं, याचा हिशेब पनवेलच्या सिनेगॉगकडे मागायचा नाही आणि त्या सरकारचं कौतुक करायला त्या सिनेगॉगचा वापरही करायचा नाही. ते सिनेगॉग इस्रायल जन्माला येण्याच्या ९९ वर्षं आधीचं आहे. ते कोकणातल्या तेल्यांनी, शिपायांनी आणि कारकुनांनी उभारलं.

तळोज्याहून पनवेलला जाणारी गाडी रोज असते. पुढच्या वेळी आपटेकर किंवा पेणकर आडनावाचं कुणी भेटलं, तर गाव कोणतं हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारता येईल. तुमच्या घरी बिरड्याचा सण असतो का?